‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर’ की ‘हिअरिंग’? पत्राच्या शेवटच्या ओळीचं काय करायचं?

गोदातीर
नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात काम करतो. पितळी बुश (यंत्राच्या दांड्याभोवती बसणारे पोकळ नळकांडे) बनवतो आम्ही, त्यातला थोडा माल इंग्लंडला जातो. तिकडचा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे आहे.

परवा आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीने मेलचा मसुदा केला. शेवटची ओळ होती, ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’. साहेबांनी लाल पेनाने ‘हिअरिंग’ केलं. ती म्हणाली, ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं असं शाळेत शिकवलंय: टू गो, टू ईट, टू रीड. साहेब म्हणाले, बरोबर हेच आहे, पण का ते मला माहीत नाही. जेवणाच्या सुट्टीत निम्मा कारखाना या वादात पडला. अकाउंट्सवाले तर म्हणाले की ते गेली वीस वर्षं ‘लुकिंग फॉरवर्ड फॉर युअर रिप्लाय’ लिहिताहेत.

मला कारण हवंय. त्या मुलीला ‘असंच असतं’ असं सांगून गप्प बसवायचं नाहीये, कारण तिचा प्रश्न बरोबर आहे.

अबोली
साहेब बरोबर. ‘हिअरिंग’च. कारण मलाही सांगता येणार नाही. वाचतेय.

वऱ्हाडी_ठेचा
मले त शाळेत ‘टू’च्या पुढं ‘आयएनजी’ लावला की छडी भेटे. त्या पोरीच्या बाजूनं माझं एक मत.

वकीलसाहेब_कोल्हापूर
आमच्याकडे ‘हिअरिंग’ म्हणजे सुनावणी. ‘लुकिंग फॉरवर्ड टू द हिअरिंग’ असं एखाद्या पक्षकाराने लिहिलं तर मी म्हणेन, बाबा रे, पुढची तारीख पडणार आहे, एवढी आस लावू नकोस.

पंतोजी
गोदातीर, छान प्रश्न. तीस वर्षं माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वकीलसाहेबांनी गमतीत माझं निम्मं काम करून टाकलं. त्यांच्या वाक्यात ‘हिअरिंग’ हे नाम आहे: सुनावणी. आपल्या ओळीतलं ‘हिअरिंग’सुद्धा नामाचंच काम करतं. त्याचा अर्थ ‘ऐकणं’, ‘कळणं’.

इंग्रजीत ‘टू’ दोन कामं करतो. एक ‘टू’ क्रियापदाच्या मूळ रूपाला चिकटतो: ‘आय वाँट टू गो’, मला जायचंय. दुसरा ‘टू’ साधं शब्दयोगी अव्यय आहे, आपल्या ‘कडे’सारखा: ‘आय वेंट टू नाशिक’. दिसायला दोघे जुळे, पण घरं वेगळी. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ दुसऱ्या घरातला. नजर पुढे लावायची, कशाकडे? त्या ‘कशाकडे’च्या जागी नाम लागतं. ‘आय लुक फॉरवर्ड टू दिवाळी’ म्हणता येतं ना? मग दिवाळीच्या जागी क्रियापद बसवायचं असेल, तर त्याला आधी नामाचे कपडे घालावे लागतात. ते कपडे म्हणजे ‘आयएनजी’.

त्या मुलीसाठी एक युक्ती. ‘टू’च्या पुढे ‘इट’ (‘ते’ या अर्थाचं, खाण्याचं ‘ईट’ नव्हे) ठेवून बघायचं. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ चालतं. ‘आय वाँट टू इट’ चालत नाही. जिथे ‘इट’ बसतं, तिथे क्रियापद आलं तर ‘आयएनजी’ लावायचा.

आणि हे आपल्याला परकं नाही. मराठीत आपण म्हणतो, ‘तुझ्या येण्याची वाट पाहते’. ‘येणे’चं नाम केलं, त्याला ‘ची’ लावला. ‘तू यायला वाट पाहते’ असं कुणी म्हणेल का? तिसरीतलं पोरसुद्धा म्हणणार नाही. तेच इंग्रजीत करायचं.

अबोली
पंतोजी, ‘येण्याची वाट’ हे फारच पटलं. इतकी वर्षं नुसतं पाठ करून लिहीत होते.

घाटावरचा
सगळं मान्य, पण एक प्रामाणिक शंका. ‘टू हिअर’ लिहिलं म्हणून त्या इंग्लंडवाल्याला अर्थ कळला नाही असं झालंय का? मी गेली पंधरा वर्षं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा धंदा करतो. ग्राहक भाव बघतो, माल बघतो, तारीख बघतो. ‘आयएनजी’ बघत नाही. आपण इंग्रजीच्या बाबतीत उगाच अपराधी वाटून घेतो. जर्मन माणूस चुकीचं इंग्रजी लिहितो तेव्हा त्याला लाज वाटत नाही.

स्टुटगार्टकर
@घाटावरचा, मी रोज जर्मनांचं इंग्रजी वाचतो आणि तुमचं म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे. पण त्यांना ही ओळ सोपी जाते, कारण त्यांच्याकडे अगदी हाच प्रकार आहे. ‘इश फ्रॉये मिश आउफ ईरं आन्टवोर्ट’, म्हणजे ‘तुमच्या उत्तराचा मला आनंद आहे’, आणि ‘आउफ’मुळे कळतं की आनंद यायचाय. आलेल्या गोष्टीचा आनंद असेल तर ‘आउफ’ जाऊन ‘युबर’ येतं. पुण्यात जर्मन शिकताना बाईंनी आमच्याकडून हा फरक शंभरदा घोकून घेतला होता.

यात व्याकरणापेक्षा मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. जर्मनमध्ये ‘आनंद’ हा शब्द उघड दिसतो. इंग्रजी ‘लुक फॉरवर्ड टू’मध्येही तो आहे, फक्त लपलेला. आपण त्याचं भाषांतर ‘वाट पाहणे’ करतो. वाट तर माणूस बसचीही पाहतो, नळाच्या पाण्याचीही पाहतो आणि निकालाचीही.

सायली_लीड्स
स्टुटगार्टकरांनी लिहिलं म्हणून मीही लिहिते, एरवी नसतं लिहिलं.

मी इथे रुग्णालयात नर्स आहे. आल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतली गोष्ट. माझ्या एका सहकारी बाईंची गाठीची तपासणी झाली होती, सोमवारी अहवाल यायचा होता. त्यांनी मला विश्वासाने सांगितलं. मी शुक्रवारी घरी जाताना त्यांना संदेश पाठवला आणि शेवटी लिहिलं, ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग युअर रिझल्ट्स’. व्याकरण अगदी पंतोजींच्या नियमानुसार. ‘आयएनजी’सकट.

उत्तर आलं नाही. सोमवारी त्या आल्या, अहवाल चांगला होता. चहा पिताना त्यांनी फार हळुवारपणे सांगितलं की ते वाक्य वाचून त्यांना कसंतरीच झालं होतं, जणू मला त्या अहवालाची मजा वाटत होती. मला रडू आलं. माझ्या मनात होतं, ‘अहवालाकडे माझं लक्ष लागून राहिलंय’. मराठीत हे वाक्य मायेचं आहे. घरात कुणी दवाखान्यात असलं की आई हेच म्हणते, ‘सगळं लक्ष तिकडे लागलंय गं’. इंग्रजीत मी मायेच्या जागी उत्सुकता लिहून बसले.

त्यांनीच मग सांगितलं काय लिहायचं ते: ‘आय होप इट गोज वेल. आय विल बी थिंकिंग ऑफ यू.’ तेव्हापासून नव्याने येणाऱ्या आपल्या मुलींना मी हे आवर्जून सांगते. आजारपण, ऑपरेशन, अंत्यविधी, तक्रार, यांच्या आसपास ‘लुक फॉरवर्ड’ नको.

अबोली
सायली, हे लिहिलंस ते बरं केलंस. ‘लक्ष लागून राहणं’ला इंग्रजीत नेमका शब्द नाही हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

घाटावरचा
सायलीताई, माझी शंका मागे घेतो. निदान अर्धी. ‘आयएनजी’चं काही वाटत नाही, पण हे असं होऊ शकतं हे डोक्यात नव्हतं.

टंकलेखक
मी मुंबईत सरकारी कार्यालयात लघुलेखक म्हणून निवृत्त झालो. आमच्या वेळी ‘लुकिंग फॉरवर्ड’ फारसं नव्हतंच. साहेब डिक्टेशन देताना शेवटी म्हणायचे, ‘ॲन अर्ली रिप्लाय इज सॉलिसिटेड’, नाहीतर ‘थँकिंग यू इन ॲन्टिसिपेशन’. फार घाई असेल तर ‘काइंडली डू द नीडफुल’. हे ‘डू द नीडफुल’ मूळचं इंग्लंडचंच. तिकडे ते जुनं होऊन मागे पडलं, आपल्याकडे फायलींत टिकलं. त्यामुळे कुणी ‘हे भारतीयांचं चुकीचं इंग्रजी’ म्हणालं की मला वाईट वाटतं. चुकीचं नाही, जुनं आहे.

पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ आला आणि हळूहळू कार्यालयांची पत्रं मराठीत होऊ लागली. तेव्हा त्याच ओळीचं मराठी झालं ‘योग्य ती कार्यवाही करावी, ही विनंती’. मी दोन्ही टाइप केल्या आहेत, दोन वेगवेगळ्या यंत्रांवर.

आणि गोदातीर, तुमच्या अकाउंट्सवाल्यांना सांगा: ‘लुकिंग फॉरवर्ड’ला ‘फॉर’ लागत नाही. तो ‘वेटिंग फॉर’मधून चुकून इकडे आला आहे. आमच्या कार्यालयात याच्या उलट चूक चालायची, ‘अवेटिंग फॉर युअर रिप्लाय’. ‘अवेट’च्या पोटात ‘फॉर’ आधीच आहे. ‘वेट’ला ‘फॉर’ द्यायचा, ‘अवेट’ला द्यायचा नाही, ‘लुक फॉरवर्ड’ला ‘टू’ द्यायचा.

वऱ्हाडी_ठेचा
टंकलेखक काका, हे शेवटचं वाक्य मी टेबलाच्या काचेखाली ठेवून राहिलो.

मांडवी
कोंकणीत आम्ही म्हणतो ‘वाट पळयता’. तुमच्यासारखीच वाटेवर नजर. म्हणजे ‘लुक’ आमच्याकडेही आहे आणि मराठीतही आहे, ‘पाहणे’! इंग्रज पुढे बघतो, आपण वाटेकडे बघतो. फरक एवढाच की इंग्रजाला बघताना बरं वाटत असतं.

एक विचारते. पत्र तर वाचायचं असतं, मग ‘हिअर’ का? ‘लुकिंग फॉरवर्ड टू रीडिंग फ्रॉम यू’ का नाही? हा प्रश्न मला माझ्या मुलीने विचारला होता आणि मी ‘जेव बघू आधी’ म्हटलं होतं.

पंतोजी
मांडवी, मुलीला शाबासकी द्या. ‘हिअर फ्रॉम’ हा जोडशब्दासारखा आहे, त्यात कानाचा संबंध उरलेला नाही. अर्थ ‘अमक्याकडून निरोप येणं, कळणं’. आपणही ‘तुमच्याकडून काही कळलं नाही’ म्हणतो, मग ते पत्राने असो, फोनने असो की शेजाऱ्याकरवी. पण ‘फ्रॉम’ बदललं की अर्थ बदलतो, तिथे सांभाळा. ‘हिअर फ्रॉम यू’ म्हणजे तुमच्याकडून निरोप. ‘हिअर अबाउट यू’ म्हणजे तुमच्याविषयी दुसऱ्याकडून कळणं. नोकरीच्या अर्जाखाली एका माजी विद्यार्थ्याने ‘लुक फॉरवर्ड टू हिअरिंग अबाउट यू’ लिहिलेलं मी पाहिलंय. वाचणाऱ्याला वाटेल, हा आमची चौकशी करतोय.

मोडीवाचक
थोडं विषयांतर, पण ‘कळणं’ निघालंच आहे म्हणून. पुणे पुरालेखागारात जुनी मोडी पत्रं वाचण्याचा मला छंद आहे. उत्तराची अपेक्षा आपल्या पूर्वजांनी पत्राच्या शेवटी ठेवलीच नव्हती! ती सुरुवातीलाच यायची: ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’. आधी माझं बरं आहे, तुझं कळव, मग कामाचं. शेवटी असायचं ‘बहुत काय लिहिणे’, म्हणजे जास्त काय लिहू, आपण सुज्ञ आहात. आणि मजकुराच्या अखेरीला शिक्का. शिवाजी महाराजांचा ‘मर्यादेयं विराजते’, पेशवाईत ‘लेखनसीमा’. मजकूर इथे संपला, यापुढे कुणी काही घुसडू नये, यासाठी. म्हणजे शेवटची ओळ सौजन्यासाठी नव्हती, सुरक्षेसाठी होती.

पुढे शाळेत आपण शिकलो ती ‘कळावे, लोभ असावा’ ही ओळ मला फार आवडते. काही मागत नाही. नुसतं ‘माया राहू द्या’ म्हणते.

टंकलेखक
@मोडीवाचक, ‘मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद’ विसरलात. माझ्या वडिलांचं एकही पत्र त्याशिवाय संपलं नाही. एकदा तर अशा घरी लिहिलं होतं जिथे लहान कुणीच नव्हतं.

हर्षू
मी नोकरीसाठी अर्ज करतेय सध्या, त्यामुळे हा धागा अगदी वेळेवर आला. ‘आय लुक फॉरवर्ड’ आणि ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड’ यात फरक आहे का? आणि नुसतं ‘लुकिंग फॉरवर्ड’, कर्ताच नाही, असं चालतं का? आमच्या कॉलेजच्या प्लेसमेंटच्या सरांनी ‘सगळं एकच’ म्हणून सांगितलं.

सायली_लीड्स
हर्षू, एकच नाही. ‘आय लुक फॉरवर्ड’ हे औपचारिक, अर्जाला शोभणारं. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड’ जवळिकीचं, ओळख झाल्यावर. ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट!’ हे मैत्रिणीला. इथल्या मेलांत सगळेच प्रकार दिसतात, पण अर्जात मी ‘आय’ गाळणार नाही.

आणि ब्रिटिश पद्धतीची आणखी एक जोडी असते. वर ‘डिअर सर’ असेल तर खाली ‘युअर्स फेथफुली’. वर ‘डिअर मिस्टर’ आणि आडनाव असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’. नाव माहीत आहे की नाही, त्यावर ठरतं. हल्ली बरेच जण ‘काइंड रिगार्ड्स’वर भागवतात, तेही चालतं.

पंतोजी
हर्षू, अर्जात आणखी एक जागा पाहून घे. ‘आय ॲम कमिटेड टू लर्न’ लिहिलंयस का? तिथला ‘टू’सुद्धा दुसऱ्या घरातला. ‘कमिटेड टू लर्निंग’. ‘इट’ ठेवून बघ: ‘कमिटेड टू इट’ चालतं. रस्त्याने जाताना कितीतरी पाट्यांवर ‘वुइ आर कमिटेड टू सर्व्ह यू’ दिसतं, मला थांबून खडूने दुरुस्त करावंसं वाटतं.

हर्षू
पंतोजी सर, लिहिलं होतं. दोन ठिकाणी. आत्ता बदललं. _/\_

बोरकूट
मला ‘युज्ड टू’ कधीच कळलेलं नाही. ‘आय युज्ड टू गो’ आणि ‘आय ॲम युज्ड टू गोइंग’ दोन्ही पाहिलंय. यातलं एक चूक ना?

पंतोजी
दोन्ही बरोबर, अर्थ वेगळे. ‘आय युज्ड टू गो’, पूर्वी जायचो, आता जात नाही. ‘आय ॲम युज्ड टू गोइंग’, जाण्याची सवय आहे. ‘सवय कशाची?’ ला उत्तर नाम, म्हणून ‘गोइंग’. परत आपलं मराठी बघा: ‘जायचो’ आणि ‘जाण्याची’. घोळ झाला की मराठीत म्हणून बघायचं. जिथे ‘ण्याची’, ‘ण्याला’, ‘ण्याकडे’ येतं, तिथे बहुतेक वेळा ‘आयएनजी’. अगदी शंभर टक्के नाही, ‘जाण्याची इच्छा’ला ‘अ विश टू गो’ होतं, म्हणून ‘इट’ची परीक्षा सोडू नका.

घाटावरचा
गोदातीर कुठे गेले? धागा काढून गायब.

गोदातीर
आहे, आहे. दोन दिवस सगळं वाचून काढलं. जेवणाच्या सुट्टीत पंतोजींचं ‘तुझ्या येण्याची वाट’ त्या मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे शाळेत का नाही सांगितलं? अकाउंट्सवाल्यांना टंकलेखक काकांचा ‘फॉर’चा हिशोब दिला, त्यांनी तो लिहून घेतला.

पण सायलीताईंचं वाचल्यावर मूळ मेल पुन्हा काढली आणि पोटात गोळा आला. ती मेल कशाबद्दल होती हे मी वर सांगितलंच नव्हतं. ग्राहकाने चारशे बुशांचा लॉट नाकारलाय, आतला व्यास मापाबाहेर गेला म्हणून. त्यांच्याकडून तपासणीचा अहवाल यायचाय. आणि आमची शेवटची ओळ, साहेबांच्या दुरुस्तीनंतरची: ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू रिगार्डिंग द रिजेक्शन’. व्याकरण चोख. आमच्या चुकीमुळे त्यांची लाइन थांबली असेल आणि आम्ही आनंदाने डोळे लावून बसलोय. मेल अजून गेलेली नाही, एवढंच नशीब.

काय लिहावं?

स्टुटगार्टकर
मी अशा मेल घेणाऱ्या बाजूला बसतो, म्हणून सांगतो. नाकारलेल्या मालाच्या मेलमध्ये मी दोनच गोष्टी शोधतो: माझ्याकडून काय हवंय आणि नवा माल कधी. शेवटची ओळ त्यासाठीच वापरा. अहवाल हवा तर अहवाल मागा.

घाटावरचा
हेच मी म्हणत होतो! माल आणि तारीख. आणि दिलगिरी पहिल्या परिच्छेदात, शेवटी नको. शेवटी माफी आली की ती उरकल्यासारखी वाटते.

सायली_लीड्स
घाटावरच्यांना अनुमोदन. गोदातीर, ‘लुक फॉरवर्ड’ पूर्ण काढून टाका. नवा लॉट पास झाला की त्या मेलमध्ये मनापासून लिहा, तिथे ते शोभेल.

गोदातीर
तिने आणि मी मिळून केलं. दिलगिरी वर घेतली. शेवट असा: ‘प्लीज सेंड अस युअर इन्स्पेक्शन रिपोर्ट बाय थर्सडे. वुइ विल स्टार्ट द रिप्लेसमेंट लॉट द डे वुइ रिसीव्ह इट.’

अबोली
छान, स्वच्छ. त्या मुलीला आमच्याकडून शाबासकी.

टंकलेखक
चांगलं आहे. फक्त ‘थर्सडे’ म्हणजे हा की पुढचा, हे मेल उघडणाऱ्याच्या दिवसावर जाईल. आम्ही पत्रात वार एकटा कधी लिहीत नसू. तारीख घाला.

गोदातीर
घातली, काका. ‘थर्सडे’च्या पुढे तारीख आणि महिना. मेल आत्ता गेली.